आधी माझी झडती

एवढी सोंगं करणारा माणूस आतून स्वच्छ असूच शकत नाही, असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत. खरं सांगायचं तर आज इतकी वर्षं झाली, ते मत मी पुरतं सोडलेलं नाही. काही माणसं अशी असतात की त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला तोंड उघडावं आणि मधेच जीभ अडावी. आमचे दारोगासाहेब त्यातले.

निजामाचं राज्य होतं. आबकारी खातं म्हणजे दारू, गांजा, अफू यांच्यावर नजर ठेवणारं खातं. सरकारी ठेक्याच्या दुकानाबाहेरची अफू कुणाच्या घरात सापडली की गुन्हा, आणि गुन्हा शाबीत झाला की हर्सूलचा तुरुंग. औरंगाबादेत धाडी घालायचं काम या दारोगासाहेबांकडं होतं. मी त्यांचा मुन्शी. धाडीत काय सापडलं, कुठं सापडलं, कुणासमोर सापडलं, हे उर्दूत लिहून काढायचं माझं काम. त्या कागदाला पंचनामा म्हणत, आजही म्हणतात. मी पगारी मुन्शी नव्हतो, उमेदवार होतो. उमेदवारानं काम सगळं करायचं, आणि जागा कायम व्हायची वाट बघत बसायचं. घरी बायको होती, गावाकडं आई होती, आणि दोघी एकच प्रश्न विचारत होत्या.

साहेबांच्या शेरवानीला खिसे नव्हते. शिंप्याला वाटलं, सांगायला चुकले असतील, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं आपल्या मनानं दोन खिसे शिवून दिले. साहेबांनी दुकानातच उभं राहून ते उसवून घेतले. मग चष्मा ठेवायचा कुठं? तर सुतळीनं बांधून गळ्यात. किल्ली कुठं? करगोट्याला. आणि खात्याची पितळी मोहर, जी जप्त मालावर लाख ओतून उठवायची, ती ताईतासारखी छातीवर. आंघोळीलाही काढत नसत म्हणे. रुमाल नव्हताच. घाम आला की बाहीला पुसायचे, आणि एवढा मोठा अंमलदार बाहीला घाम पुसतो हे बघून जवान तोंड फिरवून हसायचे.

हे सगळं कशासाठी, तर झडतीसाठी. आपण ज्याच्या घराची झडती घ्यायची त्यानं आधी आपली घ्यायची, हा त्यांचा नियम. दारात उभं राहायचं, शेरवानी उतरवून घरमालकाच्या हातात द्यायची, टोपी उलटी करून दाखवायची, बूट काढून आपटायचे, आणि हात वर करून म्हणायचं, "पहले मेरी झडती लेव. बाद में मैं तुम्हारी लेतौं." मग जमादार, मग जवान, मग मी. माझी लिहायची पेटीसुद्धा उघडून दाखवायची. आत जाणाऱ्या एकाच्याही अंगावर काही नाही हे घरमालकानं आपल्या हातानं बघितल्याशिवाय साहेब उंबरा ओलांडत नसत.

आता सांगा, गरीब माणूस दारोग्याची झडती कशी घेणार? मला आठवतो एक म्हातारा माळी. साहेब हात वर करून उभे, आणि म्हातारा एकदम त्यांच्या पायावर. साहेब म्हणाले, "पाँव नक्को, बगल देखो." म्हातारा म्हणाला, "आवो सायेब, तुमच्या बगलंत म्या कसा हात घालावा? मला पाप लागंल." साहेब म्हणाले, "नहीं देखे तो मेरेकू लगेंगा." शेवटी म्हाताऱ्यानं डोळे गच्च मिटून त्यांच्या कुशीला दोन बोटं लावली. साहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी त्याला डोळे उघडायला लावून पुन्हा सगळं करायला लावलं. तोवर उन्हात उभे राहून आमची टाळकी तापली होती, आणि म्हाताऱ्याच्या घरात शेवटी निघालं काय, तर तंबाखू.

पंचांचंही तेच. बाकीच्या दारोग्यांचे पंच ठरलेले असत. गुलमंडीवरचे दोन रिकामटेकडे, बोलावलं की यायचे, दाखवाल तिथं सही करायचे. साहेबांना ते चालत नसे. त्यांना दोन पंच लागत: एक आरोपीचा दुश्मन आणि एक खुद्द त्यांचा दुश्मन. "दोनों एक कागज पे दस्तखत करे तो उत्ताच सच," असं म्हणायचे. आरोपीचा दुश्मन गल्लीतच मिळतो, त्याला शोधावं लागत नाही. साहेबांचे दुश्मन मिळणं तर त्याहून सोपं होतं.

एक कापडवाला होता. त्याच्या मेव्हण्याचा ठेका साहेबांनी बंद पाडला होता, त्यामुळं तो साहेबांच्या नावानं रोज खडे फोडायचा. साहेबांनी त्याला इतक्या धाडींना पंच म्हणून नेलं की पुढं पुढं दोघं एकाच टांग्यात बसून, भांडत का होईना, यायला-जायला लागले. एके दिवशी कापडवाल्यानं वाटेत साहेबांच्या खोकल्याची चौकशी केली. झालं. साहेबांनी तिथंच टांगा थांबवला. "उतरो. तुम अब मेरे दुश्मन नहीं रहे," म्हणाले. कापडवाल्याला ते इतकं लागलं की तो मला दुकानात बसवून म्हणाला, "मुन्शीजी, मी काय वाईट केलं हो? खोकलाच विचारला ना?"

कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. चहाचं तर नावच नको. सासऱ्यानं पाठवलेल्या आंब्यांचाही त्यांनी पंचनामा करवला, असं शहरात बोललं जायचं. ते खोटं होतं, पण कुणालाही सांगा, लगेच पटायचं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती लपवून साहेबांचं चित्र काढलं तर तो आणखी एक खोटा कागद व्हायचा. खात्याच्या मोठ्या साहेबांना दारोगासाहेबांचा संशय होता. इतर दारोगे धडाधड गुन्हे शाबीत करतात आणि हा माणूस धाडीवरून निम्म्या वेळा रिकाम्या हातानं येतो. म्हणजे हा पैसे खात असणार, आणि झडतीचा तमाशा त्यावर पांघरूण घालायला करत असणार. त्यांच्या कचेरीतल्या पेशकारानं, म्हणजे वरिष्ठ कारकुनानं, मला बोलावून सांगितलं, तू त्याचा मुन्शी म्हणून जा, आणि दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीआधी, त्यानं आठवडाभर काय काय केलं ते लिहून दे. तुझ्या जागेचं आम्ही बघू.

मी गेलो. मला त्यात काही गैर वाटलं नाही, कारण मलाही तोच संशय होता. याआधी मी दोन वर्षं दुसऱ्या एका दारोग्याकडं होतो. तिथं दारोगा पान खात, हसत, लोकांच्या ओसरीवर बसत धाड घालायचा. त्याच्यात मला कधी काही लपवल्यासारखं वाटलं नव्हतं. हा खिसे उसवणारा माणूस मात्र काहीतरी लपवतोय असं सारखं वाटायचं. मी वर्षभर पाळत ठेवली. त्यांच्या घराच्या मागल्या दारानं कोण जातं, भाजीवाल्याला काय देतात, जुम्म्याला मशिदीतून निघाल्यावर कुणाशी बोलतात, सगळं लिहिलं. सापडलं काहीच नाही. त्यानं संशय जायला हवा होता ना? तो वाढला. इतका बेमालूम लपवणारा माणूस म्हणजे लईच पोचलेला असणार, असं मला वाटायला लागलं.

त्यांच्या हाताखालचा जमादार मात्र मला आवडायचा. गप्पिष्ट, खांद्यावर हात ठेवून बोलणारा. त्याचाही साहेबांवर दात होता, कारण गुन्हा शाबीत झाला की जमादाराची वाहवा व्हायची, आणि या साहेबांच्या हाताखाली ती होत नव्हती.

उन्हाळ्यातली गोष्ट. जमादार दुपारी कचेरीत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मुन्शीजी, उद्या उस्मानपुऱ्यात पिंजाऱ्याच्या घरावर धाड आहे. खबर पक्की आहे. तुमचे साहेब उन्हात उभं करून तुमच्याकडून दोन-दोन तास लिहून घेतात, तुमचे हाल बघवत नाहीत. मी सांगतो तसं आत्ताच लिहून ठेवा. उद्या फक्त वजन घाला."

पंचनामा आधी लिहून ठेवायचा, हे मला नवीन नव्हतं. जुन्या दारोग्याकडं सगळे पंचनामे तसेच व्हायचे. धाडीच्या आदल्या दिवशी कचेरीत पंख्याखाली बसून, शांत चित्तानं, चांगल्या अक्षरात. वजनाची आणि नावाची जागा कोरी; धाडीला मी बहुतेक वेळा जातच नसे, दारोगा परत आला की त्याला विचारून ती भरायची. त्याला आम्ही चोरी समजत नव्हतो, सोय समजत होतो. या साहेबांकडं ते चालत नव्हतं, पण उन्हाच्या कंटाळ्यानं मी जमादाराचं ऐकलं. त्यानं सांगितलं, मी लिहिलं: मागच्या भिंतीशी रचलेल्या कापसात, हिरव्या पट्ट्याच्या गाठोड्यात, काळ्या दोऱ्यानं बांधलेली अफूची गोळी. खबऱ्यानं एवढं बारीक कसं सांगितलं, असा संशय मला आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मी शाईचं झाकण लावलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानपुऱ्यात गेलो. पिंजारी हडकुळा, दाढीत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी. आरोपीचा दुश्मन म्हणून शेजारचा तेली आला. पिंजाऱ्याचा कापूस उडून त्याच्या तेलात पडतो यावरून दोघांचं रोजचं वाजायचं. साहेबांचा दुश्मन म्हणून त्यांचा जुना घरमालक आला, ज्याच्याशी त्यांचा दिवाणी दावा चालू होता. मग नेहमीचा तमाशा. शेरवानी, टोपी, बूट, जमादार, जवान. पिंजाऱ्यानं माझी पेटी उघडून पाहिली. दौत, बोरू, कागद. त्यातला एक कागद लिहिलेला होता, पण ज्याला वाचता येत नाही त्यानं कागदाची झडती कशी घ्यायची? त्यानं झाकण लावलं आणि मान हलवली.

आत गेलो. थोड्या वेळानं एका जवानानं हिरव्या पट्ट्याच्या गाठोड्यातून गोळी काढली. काळा दोरा होता. पिंजारी पुढं झाला. म्हणाला, "अल्लाची आन, ह्ये माझं न्हाय."

आणि इथं साहेबांचा नियमच पिंजाऱ्याच्या गळ्याशी आला. आत आलेल्या प्रत्येकाची झडती त्यानं स्वतः घेतली होती. कुणाच्याच अंगावर काही नव्हतं. म्हणजे अफू घरातलीच, हे त्याच्याच हातानं शाबीत झालं होतं. जमादार एका बाजूला शांत उभा होता. त्या माणसाला इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

"लिखो," साहेब म्हणाले. मी मांडीवर पेटी घेतली, लिहिलेला कागद कोऱ्या कागदाच्या खाली अर्धा सरकवून ठेवला, आणि बघून बघून उतरवायला लागलो. साहेब एक वाक्य सांगत आणि थांबत, विचार करत. माझा बोरू थांबत नव्हता. त्यांनी अजून भिंत सांगितली नव्हती आणि मी भिंत लिहून दोऱ्यापर्यंत पोचलो होतो. वर पाहिलं तर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. त्यांनी वाकून खालचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला.

"ये कब लिखा?"

"आत्ताच, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई वाळलेली होती. पण उन्हाळ्यात शाई वाळायला कितीसा वेळ लागतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ते पिंजाऱ्याच्या बायकोकडं वळले. "अम्मा, ये गठोडा घर में कब आया?"

"आज सकाळीच आलं, सायेब. एक मानूस टाकून गेला. रजईचा कापूस हाय म्हनला, उद्याच्याला पिंजून ठिवा म्हनला. त्याला आमी वळखत बी न्हाय."

साहेबांनी तेल्याकडं पाहिलं. तेल्याच्या तोंडावर दोन मनं दिसत होती. शेजाऱ्याची खोड मोडायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार होती? पण तो म्हणाला, "व्हय. म्या घाण्यावर व्हतो, म्या पाह्यलं. आज सकाळीच टाकलं. काल हितं ह्ये गाठोडं नव्हतं."

म्हणजे गोष्ट सरळ होती. गाठोडं आज आलं. माझा कागद काल लिहिलेला असेल, तर गाठोडं यायच्या आधीच त्यात अफू आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं, म्हणजे ज्यानं सांगितलं त्यानंच ते पाठवलं. कागद आज लिहिलेला असेल, तर पिंजारी गेला हर्सूलला. आणि कागद कधी लिहिला हे फक्त दोन माणसांना माहीत होतं, मला आणि जमादाराला.

जमादाराला पिंजाऱ्याचा राग कशाचा, तेही मला नंतर कळलं. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका धाडीत त्यानं याच्याकडं पंच म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला होता. यानं दिला नव्हता. एवढंच.

मला वाटलं, साहेब आता पिंजाऱ्याला सोडतील. त्यांनी त्याला अटक केली. मला त्यांचा असा राग आला की सांगता येत नाही. सगळं कळूनसुद्धा? पण ते म्हणाले, माल घरात मिळाला आहे, मला काय वाटतं त्याच्यावर मी कुणाला सोडायला लागलो तर उद्या मला वाटेल त्याला धरीनही. सोडायचं काम अदालतीचं. मग त्यांनी माझा कागद पाकिटात घातला, त्यावर लाख ओतली, गळ्यातली मोहर उठवली, आणि तेल्याची आणि आपल्या जुन्या घरमालकाची निशाणी घेतली. हा कागद मुन्शीच्या पेटीत, पंचनामा पुरा व्हायच्या आधी, लिहिलेला सापडला, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. अफूच्या गोळीशेजारी माझा कागद मुद्देमाल झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पेशकारानं बोलावलं. टेबलावर माझ्या जागेचा हुकूम तयार होता, माझं नाव घातलेला, फक्त मोठ्या साहेबांची सही बाकी. तो म्हणाला, "अदालतीत सांग, तिथंच लिहिला. तुझं अक्षर जलद आहे, एवढंच. आणि आदल्या दिवशीचा आहे म्हणालास, तर खोटा सरकारी कागद केल्याचा गुन्हा तुझ्यावर येतो, हे समजतंय ना?" समजत होतं. मला लई भीती वाटत होती, आणि त्या भीतीत सुद्धा मी हुकुमावरचं माझं नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो.

पिंजाऱ्याची बायको एकदा माझ्या दारात आली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "तुमीच लिवलं ना? मंग कवा लिवलं ते तुमाला म्हाईतच आसंल." माझ्या बायकोनं तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही. त्या रात्री भाकरी वाढताना बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही.

साहेब मला समजावतील, धाक घालतील, काहीतरी करतील, असं वाटत होतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "मैं तुमकू कुछ नहीं बोलतौं. मैं बोला तो अदालत में वो मेरी बात होंगी, तुम्हारी नहीं." मी वळलो, तेव्हा मागून म्हणाले, "आज जुमेरात है, मुन्शी. तुम्हारा कागज देने का है ना? वक्त पे देव." म्हणजे वर्षभर दर गुरुवारी मी त्यांच्याविरुद्ध लिहून देत होतो हे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. पाळत ठेवणारा माणूस जवळ असलेला बरा, एवढाच हिशोब असेल. माझ्यावर विश्वास होता असं मी म्हणत नाही. त्यांचा कुणावरच नव्हता.

अदालतीचा दिवस उजाडला. मुन्सफासमोर मी उभा. एका बाकावर जमादार आणि पेशकार, कोपऱ्यात पिंजारी, दारात त्याची बायको. मी साहेबांना शोधलं. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. मुन्सफ वैतागून म्हणाले, "दारोगासाहब, इधर मुँह कीजिए, ये क्या बेअदबी है?" साहेब भिंतीलाच म्हणाले, "हुजूर, गवाह मेरा मातहत है. मेरा चेहरा देखके बोला, ऐसा कोई नहीं बोलना." खोलीत खसखस पिकली. मुन्सफही हसले. मला हसू आलं नाही. ती पाठमोरी शेरवानी बघून मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला माझ्याकडून काहीच नको आहे. पेशकाराला हवं होतं, जमादाराला हवं होतं, पिंजाऱ्याच्या बायकोलाही हवं होतं. याला नको होतं.

"कागद कधी लिहिला?" मुन्सफांनी विचारलं.

"आदल्या दिवशी दुपारी, कचेरीत," मी म्हणालो. "जमादारानं सांगितला तसा लिहिला."

माझ्या तोंडून ते निघालं कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणानं निघालं असं कुणी म्हटलं तर मला त्याचाही संशय येईल. पिंजारी त्याच दिवशी सुटला. बायकोनं त्याच्या दाढीत अजून अडकून राहिलेला कापूस काढला आणि दोघं घरी गेली. जमादाराची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली, त्याहून जास्त काही नाही. मला खात्यातून काढलं. खटला घातला नाही, कारण तो घातला असता तर बरंच काही उघडं पडलं असतं.

अदालतीच्या आवारात साहेब टोपी काढून उभे होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस एखादा बरा शब्द बोलेल. मी नोकरी घालवली होती. मी जवळ गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "इसके पहले के?"

"काय, साहेब?"

"पहले के. दूसरे दारोगा के पास थे तब के. वो भी ऐसेच लिखे थे ना? वो लोगाँ किधर हैं?"

तोवर एकदाही, खरोखर एकदाही, मी त्या लोकांचा विचार केला नव्हता. मी म्हणालो, आठवत नाही. ते म्हणाले, "बैठो. आठव." मराठीत म्हणाले. आम्ही चिंचेखाली बसलो, आणि एक एक नाव मला आठवत गेलं. सगळी आठवली. त्यांनी माझ्याकडूनच यादी लिहून घेतली, वर अर्ज जोडला आणि धाडून दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा धाडला. मग त्यांचीही बदली झाली, पार तिकडं तेलंगणात. जाताना भेटायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "जो छूटेंगा, उसके सामने जाके खड़े रहना." माझ्या घरचा चहा घेतला नाही. मला वाईट वाटलं. थोडा रागही आला.

मी अदालतीसमोर लोकांचे अर्ज लिहायला बसू लागलो. यादीतल्यांची चौकशी करत राहिलो. एक जण तुरुंगातच वारला होता. एक बाई सुटून कुठं गेली, कुणाला सांगता आलं नाही. मग एका सकाळी कळलं की एक जण सुटतोय, म्हणून हर्सूलला गेलो.

फाटकातून एक माणूस बाहेर आला. विळे-कुऱ्हाडी घडवणारा. शिपायानं नाव पुकारलं म्हणून मी ओळखला. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. त्याला सांगितलं, तुझा पंचनामा मी लिहिला होता. तो रागावेल, मारेल, असं वाटलं होतं. तो म्हणाला, "काय लिवलं व्हतं वो त्याच्यात? मला कुनी वाचून नाय दावलं."

मला तो पाठ होता. कचेरीत बसून असे कितीतरी लिहिले होते, सगळे सारखेच. मी उभ्या उभ्या त्याला मराठीत सांगितला. मागच्या खोलीत, चुलीजवळच्या भिंतीत, डाव्या हाताच्या कोनाड्यात, फडक्यात बांधलेली अफू. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मधेच कपाळाला आठी घातली.

"खोली?" तो म्हणाला. "सायेब, आमी तर रस्त्याच्या कडंला पालात राहत व्हतो. फाटकं कापड आन् चार काठ्या. भितच नव्हती, तर कोनाडा कुठून येईल?" मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं, "मंग ते घर तुमी कुनाचं लिवलं?"